सिद्ध म्हणजे किती सिद्ध?

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, फोर्ट मॅकमरे गावाच्या उत्तरेला, कर्ल नावाची तेलाची खाण आहे. खाण म्हणायचं कारण असं की तिथलं तेल विहिरीतून वर येत नाही. डांबरासारखं घट्ट बिटुमेन वाळूच्या कणांना चिकटून बसलेलं असतं. ती वाळू यांत्रिक फावड्यांनी खणायची, दुमजली घराएवढ्या ट्रकमधून वाहायची, गरम पाण्यात घुसळायची, तेव्हा कुठं तेल सुटं होतं. एक्सॉनमोबिल आणि तिच्या छत्राखालची इम्पीरियल ऑइल या दोघींची ही खाण. 2016 सालच्या हिशेबात एक्सॉनमोबिलने कर्लमधली साडेतीन अब्ज पिंपं आपल्या ‘सिद्ध साठ्या’तून काढून टाकली. गॅसही पिंपांत रूपांतरित करून धरला तर कंपनीचा जगभरचा साठा त्या एका वर्षात सुमारे 19 टक्क्यांनी घटला आणि 20 अब्जांवर आला. 2018 च्या अखेरीस कर्लचं बहुतेक तेल पुन्हा सिद्ध झालं. 2020 मध्ये त्यातली 3.1 अब्ज पिंपं परत वगळली गेली. एकूण साठा 22.4 अब्जांवरून 15.2 अब्जांवर उतरला आणि पुढच्याच वर्षी 18.5 अब्जांवर चढला. या सगळ्या काळात फावडी चालत होती, ट्रक धावत होते. वाळूतलं तेल होतं तिथंच होतं. बदलली होती ती तेलाची किंमत.

सामान्य वाचकाला हा हातचलाखीचा प्रकार वाटतो. साठा म्हणजे कणगीतलं धान्य, ते मोजलं की मोजलं. भाव पडला म्हणून कणगीतली पोती कमी कशी होतील? पण तेलाच्या धंद्यात ‘साठा’ या शब्दाचा अर्थ कणगीसारखा नाही. खडकात दडलेलं सगळं तेल कधीच हाती येत नाही. बरंचसं कायमचं खडकातच राहतं. जे निघण्याजोगं आहे त्याचे तेलतज्ज्ञ तीन थर करतात: सिद्ध, संभाव्य आणि शक्य. संख्याशास्त्राच्या भाषेत सिद्ध साठा म्हणजे असा आकडा, की प्रत्यक्षात तेवढं किंवा त्याहून जास्त तेल निघण्याची शक्यता किमान 90 टक्के आहे. संभाव्य साठा त्यात मिळवला की खात्री 50 टक्क्यांवर येते, शक्य साठाही धरला की 10 टक्क्यांवर. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या, म्हणजे एसईसीच्या, नियमाने याला आणखी एक अट जोडली आहे: ते तेल सध्याच्या आर्थिक परिस्थितीत, सध्याच्या पद्धतींनी आणि सध्याच्या कायद्यांखाली काढणं परवडलं पाहिजे. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं प्रश्न उलटा आहे. आडात भरपूर आहे, पण पोहरा आणि दोर यांचा खर्च पाण्याच्या मोलापेक्षा जास्त झाला की आड कोरडा धरायचा.

म्हणून सिद्ध साठा ही भूगर्भशास्त्राची वस्तू नाही, असं माझं म्हणणं आहे. खडक, किंमत, करार आणि कंपनीचा पैसा घालण्याचा इरादा या चौघांनी मिळून केलेला तो ठराव असतो आणि दर 31 डिसेंबरला तो नव्याने करावा लागतो. या ठरावाला डॉलरमध्ये किंमत लावायची वेळ आली तेव्हा हिशेबनीसांनी जी रीत पत्करली ती जाणूनबुजून ठोकळ आहे. तिच्यातून तेलाचं खरं मोल कळत नाही, अशी टीका गेली 40 वर्षं होते आहे. टीका खरी आहे. तरीही ती रीत योग्य आहे.

मुळात अडचण का आली ते पाहू. साधा हिशेब सांगतो की एखादी वस्तू ज्या किमतीला घेतली त्या किमतीला ताळेबंदात दाखवा. कारखान्याच्या यंत्राला हे लागू पडतं, कारण यंत्राची खरेदी आणि त्याची उपयुक्तता यांचं काही नातं असतं. तेलविहिरीत तसं नातं नाही. 50 कोटी खर्चून खोदलेली विहीर कोरडी निघेल किंवा हजारो कोटींचं तेल दाखवेल. ताळेबंदात दोन्हींचा खर्च सारखाच. धंद्यातली सर्वांत मोठी घटना म्हणजे तेल सापडणं, आणि नेमकी तीच घटना जमाखर्चात उमटत नाही. शिवाय कोरड्या विहिरींचं काय करायचं यावरही दोन तट होते. एका पद्धतीत कोरड्या विहिरीचा खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. दुसऱ्या, ‘फुल कॉस्ट’ नावाच्या पद्धतीत कोरड्या विहिरीही यशस्वी विहिरींच्या किमतीत धरतात: दहा ठिकाणी शोधल्याशिवाय एका ठिकाणी सापडत नाही, मग शोधण्याचा सगळा खर्च सापडलेल्याचाच. छोट्या कंपन्यांना अर्थातच दुसरी पद्धत आवडते, कारण पहिलीत एखाद्या वाईट वर्षी त्यांचा नफा पुसला जातो.

1973 मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा नळ आवळला आणि हा हिशेबनिसांचा वाद अमेरिकेत राष्ट्रीय प्रश्न झाला. आपल्याकडे तेल किती आणि ते कुणाकडे आहे, हे सरकारला विश्वासाने सांगता येईना. 1975 च्या ऊर्जा कायद्याने तेल कंपन्यांसाठी एकसारखी हिशेबपद्धती ठरवण्याचं फर्मान काढलं. हिशेबाचे दंडक घालून देणाऱ्या एफएएसबी या मंडळाने डिसेंबर 1977 मध्ये पहिल्या पद्धतीच्या बाजूने कौल दिला. छोट्या कंपन्यांनी ओरड केली आणि ऑगस्ट 1978 मध्ये एसईसीने हा कौल बाजूला सारून तिसरीच कल्पना मांडली: दोन्ही पद्धती खर्चावर आधारलेल्या, म्हणून दोन्ही निरुपयोगी, सिद्ध साठ्याचं मूल्य काढा, तेच ताळेबंदात दाखवा आणि त्या मूल्यातली वाढ-घट थेट नफ्या-तोट्यात घ्या. तेल सापडलं त्या वर्षीच नफा. कल्पना तर्काला धरून होती आणि तीन वर्षंही टिकली नाही. साठ्याचे अंदाज इतके हलत होते की कंपनीचा खरा कारभार त्या हेलकाव्यांखाली बुडून जाई. फेब्रुवारी 1981 मध्ये एसईसीने माघार घेतली. नोव्हेंबर 1982 मध्ये एफएएसबीने तडजोड काढली: मूल्य काढायचं, पण ताळेबंदात घालायचं नाही, वार्षिक अहवालात मागच्या पानांवर, लेखापरीक्षणाच्या कक्षेबाहेर, पुरवणी माहिती म्हणून छापायचं. तिचं नाव ‘स्टँडर्डाइज्ड मेझर’. आपण त्याला प्रमाणित माप म्हणू.

या मापाची कृती एखाद्या घरगुती हिशेबाइतकी सरळ आहे. समजा, एका तेलक्षेत्रात 1 कोटी पिंपं सिद्ध तेल आहे आणि ते दर वर्षी 10 लाख पिंपं या वेगाने दहा वर्षांत निघणार आहे. नियमाप्रमाणे धरायची किंमत पिंपाला 60 डॉलर. तेल वर काढण्याचा खर्च पिंपामागे 25 डॉलर. विहिरी आणि पाइपलाइनसाठी सुरुवातीलाच 4 कोटी डॉलर घालावे लागणार. शेवटी विहिरी बुजवण्याचा खर्च आणि प्राप्तिकरही मापात धरतात. उदाहरणापुरते ते बाजूला ठेवू. वर्षाला साडेतीन कोटी डॉलर सुटतात, दहा वर्षांत 35 कोटी. सुरुवातीचे 4 कोटी वजा केले की 31 कोटी राहतात. पण दहाव्या वर्षी मिळणारा डॉलर म्हणजे आजचा डॉलर नव्हे. पेढीवर मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवायला नेली की पेढीवाला वटाव कापूनच रक्कम हातात ठेवायचा. मुदत जितकी लांब तितका वटाव मोठा. इथं वटावाचा दर नियमानेच सालीना 10 टक्के ठरवून दिला आहे. त्या दराने 35 कोटींचे साडेएकवीस कोटी होतात आणि 4 कोटी वजा जाता साडेसतरा कोटी उरतात. म्हणजे बाजारात 60 डॉलरला विकलं जाणारं पिंप जमिनीत असताना साडेसतरा डॉलरचं. जमिनीतलं तेल बाजारभावाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाला धरावं, असा या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. आपलं उदाहरण त्याच्या आसपासच येऊन थांबलं.

आता किंमत 60 ऐवजी 40 करून पाहा. पिंपामागे 35 डॉलर सुटत होते, ते 15 वर आले. वटाव कापून 9.2 कोटी, त्यातून 4 गेले की 5.2 कोटी. किंमत एक तृतीयांश उतरली आणि मूल्य 70 टक्क्यांनी घसरलं. किंमत 28 डॉलरवर आली तर दहा वर्षांत मिळून 3 कोटीच सुटणार आणि घालायचे 4 कोटी. असं क्षेत्र कोण विकसित करणार? तिथं मूल्य कमी होऊन भागत नाही, 1 कोटी पिंपंच सिद्ध यादीतून गळतात. कर्लचं कोडं इथं सुटतं. खर्चिक क्षेत्रात किंमत आणि खर्च यांच्यातली पट्टी अरुंद असते, त्यामुळे किमतीच्या छोट्या हेलकाव्यानेही तेल यादीच्या आत-बाहेर करतं.

मापावरचा पहिला आक्षेप याच किमतीबद्दल आहे आणि तो जोरदार आहे. पुढच्या वीस वर्षांच्या तेलाला आजचा भाव लावायचा हे कसलं शहाणपण? 2008 पर्यंतचा नियम तर आणखी विचित्र होता: वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा भाव. त्या वर्षी जुलैमध्ये अमेरिकी तेल 145 डॉलरवर गेलं होतं आणि 31 डिसेंबरला 45 च्याही खाली होतं. सबंध उद्योगाच्या साठ्यावर एका थंडीतल्या संध्याकाळचा भाव डकवला गेला. त्यानंतर नियम बदलला आणि वर्षातल्या बाराही महिन्यांच्या पहिल्या तारखेच्या भावांची सरासरी घ्यायची असं ठरलं. त्यालाही स्वतःचे दोष आहेत. 2014 च्या उत्तरार्धात तेल कोसळलं. वर्षअखेर भाव 53 डॉलर होता, पण सरासरी 95 च्या आसपास असल्याने अहवालांतले साठे दिमाखात उभे होते. पडझड दिसली ती वर्षभराने. 20 एप्रिल 2020 ला अमेरिकी तेलाचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला, म्हणजे तेल घेऊन जा आणि वर पैसेही घ्या. हा दिवस सरासरीत नाहीच, कारण तो पहिल्या तारखेला आला नाही. (तो वगळला गेला यात फारसं वाईट झालं नाही, हेही खरं.)

मग वायदेबाजारातले पुढचे भाव का नाही घ्यायचे, किंवा कंपनीचा स्वतःचा अंदाज? वायद्यांचा बाजार काही वर्षांपलीकडे विरळ होत जातो आणि कर्लसारख्या खाणीचं आयुष्य 40 वर्षांचं. कंपनीच्या अंदाजाबद्दल बोलायचं तर तेलाच्या भावाचं भाकीत करण्यात कंपन्या, सरकारं आणि बँका यांपैकी कुणाचंच फारसं नाव झालेलं नाही. सगळ्यांनी एकाच चुकीच्या भावाने मोजलं तर निदान दोन कंपन्या शेजारी ठेवून पाहता येतात. दहा टक्क्यांच्या दराबद्दलही हेच. हा दर कुठल्याही सिद्धांतातून आलेला नाही; नॉर्वेच्या समुद्रातलं तेल आणि यादवीने पोखरलेल्या देशातलं तेल यांना एकच वटाव लावणं शास्त्रीय तर नाहीच. उलट बाजूने हॅरोल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1931 मध्ये असं मांडलं होतं की संपत जाणाऱ्या खनिजावर सुटणारा नफा व्याजाच्या दराने वाढतच राहील. तसं असेल तर वटाव कापायची गरजच उरत नाही. पण गेल्या शंभर वर्षांतल्या तेलाने हॉटेलिंगचं म्हणणं काही ऐकलेलं नाही. दराचा एक परिणाम मात्र लक्षात ठेवावा: दहा टक्क्यांनी दहा वर्षांनंतरचे 100 रुपये आज साडेअडतीस होतात, वीस वर्षांनंतरचे 15 आणि तीस वर्षांनंतरचे 6 सुद्धा नाहीत. म्हणजे मापातला बहुतेक पैसा पहिल्या दहा-बारा वर्षांतला असतो. दूरच्या तेलाबद्दल हे माप जवळजवळ मुकं आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक रंजक वाटतो, कारण तो आपल्या नाशिकच्या द्राक्षबागेत उभा राहून घेता येतो. भारतीय लेखामानक 41 प्रमाणे ज्या कंपनीची द्राक्षबाग असेल तिने वेल खर्चाच्या किमतीने दाखवायचे, पण वेलीवर धरलेले घड बाजारमूल्याने. न तोडलेल्या घडाला बाजारमूल्य चालतं, तर न काढलेल्या तेलाला का नाही? उत्तर मुदतीत आणि बाजारात आहे. घड काही महिन्यांत तोडला जाणार, त्याच्यासारखे लाखो घड बाजारात येणार, भाव कळणार, आणि अंदाज चुकला तर त्याच हंगामात उघडा पडणार. तेलक्षेत्रं एकासारखी दुसरी नसतात, त्यांचा रोजचा बाजार भरत नाही आणि अंदाज चुकला हे कळायला दहा-वीस वर्षं जातात. तोवर ज्याने अंदाज केला तो बोनस घेऊन निवृत्त झालेला असतो. 1978 चा प्रयोग फसला तो याच खडकावर आपटून.

पण आकडा ताळेबंदात नाही म्हणजे नफ्याला त्याचा स्पर्श नाही, असं मात्र समजू नये. सिद्ध साठा मागच्या दाराने नफ्यात शिरतोच. एखाद्या क्षेत्रावर 1,000 कोटी रुपये खर्च झाले आणि तिथं 10 कोटी पिंपं साठा धरला आहे, असं समजा. यंदा 1 कोटी पिंपं काढली, तर खर्चाचा दहावा हिस्सा, 100 कोटी, यंदाच्या नफ्यातून झीज म्हणून वजा होतो. आता अभियंत्यांनी साठा पुन्हा मोजला आणि तो 5 कोटी पिंपंच निघाला: तेवढ्याच तेलावर 200 कोटी वजा. भाव तोच, विक्री तीच आणि नफ्यातून आणखी 100 कोटी गायब. शिवाय फुल कॉस्ट पद्धतीच्या कंपन्यांना ताळेबंदातल्या किमतीवर एक छत असतं आणि ते छत दहा टक्क्यांच्या याच वटावाने ठरतं. किंमत छताच्या वर गेली की फरक तोट्यात टाकायचा. आपल्याकडे ओएनजीसी पहिली पद्धत वापरते आणि मालमत्तेचं मूल्य घटलं का हे तपासताना कंपनीने स्वतः केलेले भावांचे अंदाज धरते. मार्च 2020 ला संपलेल्या तिमाहीत तेल पडलं तेव्हा या तपासणीतून 4,899 कोटी रुपयांची घट दाखवावी लागली आणि ओएनजीसीने पहिल्यांदाच तिमाही तोटा जाहीर केला. तेव्हा बॉम्बे हायचा प्लॅटफॉर्म नेहमीप्रमाणे चालू होता.

बॉम्बे हायचं नाव निघालं म्हणून तिसरा आक्षेपही घेऊ: हे माप फार भित्रं आहे, ते संभाव्य साठ्याला शून्य धरतं. मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवरच्या या क्षेत्रात ‘सागर सम्राट’ या समुद्री रिगने 1974 मध्ये तेल शोधलं, मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं, 1989 च्या सुमारास ते दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या जवळ पोचलं आणि मग उतरत गेलं. तरी 50 वर्षांनंतर ते क्षेत्र जिवंत आहे. 2000 नंतर पुनर्विकासाचे टप्पे झाले आणि जानेवारी 2025 मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी बीपीची तांत्रिक मदतनीस म्हणून निवड झाली. 1976 मधल्या कुठल्याही सिद्ध आकड्यात हे सगळं तेल असणं शक्य नव्हतं. अमेरिकेतही 2008 च्या अखेरीस सुमारे 19 अब्ज पिंपं कच्चं तेल सिद्ध होतं. पुढच्या दहा वर्षांत तिथं 25 अब्जांहून अधिक तेल काढलं गेलं आणि 2018 च्या अखेरीस शिल्लक साठा 40 अब्जांवर होता. एमआयटीचे मॉरिस अ‍ॅडेलमन आयुष्यभर हेच सांगत राहिले: साठा म्हणजे दुकानाच्या फळीवरचा माल, विकला जाईल तसा पैसा घालून पुन्हा भरायचा. फळीवर दिसतो तेवढाच जगातला माल असं कुणी समजत नाही.

आक्षेप मान्य, पण त्यावरचा उपाय नाही. संभाव्य साठ्यालाही सारखाच मान दिला तर काय होतं हे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-6 या गॅसक्षेत्राने दाखवलं आहे. 2006 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात तिथून सुमारे 10 लाख कोटी घनफूट गॅस निघेल असं धरलं होतं. एप्रिल 2009 मध्ये गॅस आला, वर्षभरात उत्पादन शिखरावर गेलं आणि मग झपाट्याने ओसरलं. क्षेत्रात 10 टक्के वाटा असलेली निको रिसोर्सेस ही कॅनडाची कंपनी; तिने 2012 मध्ये सिद्ध आणि संभाव्य मिळून असलेला साठ्याचा अंदाज 9.65 वरून 1.93 लाख कोटी घनफुटांवर आणला, म्हणजे पाचव्या हिश्शावर. दोष खडकाचा की कारभाराचा यावर पुढे वर्षानुवर्षं भांडण झालं, त्यात इथं शिरायला नको. भागधारकाच्या दृष्टीने मुद्दा इतकाच की 50 टक्के खात्रीचा आकडा ठळक अक्षरात छापला की वाचणारा तो 90 टक्के समजून वाचतो. एसईसीने 2008 च्या सुधारणेत संभाव्य आणि शक्य साठे जाहीर करण्याची मुभा दिली, सक्ती केली नाही. प्रमाणित माप मात्र सिद्ध साठ्यावरच ठेवलं. माझ्या मते बरोबर केलं.

आणि या भित्र्या मापाचा खरा उपयोग त्याच्या एकूण बेरजेत नाहीच. त्याच पानाच्या आसपास आणखी एक तक्ता असतो. गेल्या वर्षीच्या मूल्यापासून यंदाच्या मूल्यापर्यंत कसे आलो, हे तो ओळीओळीने सांगतो: विक्रीमुळे इतकं घटलं, किमतीमुळे इतकं बदललं, नव्या शोधांमुळे इतकं वाढलं, विकत घेतलेल्या क्षेत्रांमुळे इतकं, आणि जुन्या अंदाजांच्या दुरुस्तीमुळे इतकं. किमतीची ओळ सगळ्या कंपन्यांची एकाच दिशेला हलते, तिच्याकडे दुर्लक्ष करावं. दुरुस्तीची ओळ वर्षानुवर्षं उणे असेल तर कंपनीचे अभियंते आधी हात सैल सोडतात, असं ओळखावं. न खोदलेल्या सिद्ध साठ्याकडेही पाहावं: नियम म्हणतो की तो साधारणपणे पाच वर्षांत खोदायला घेतला पाहिजे, नाहीतर यादीतून काढा.

राहिला शेवटचा आणि सर्वांत आकर्षक पर्याय: नियम कमी करा, कंपनीला तिच्या क्षेत्राची माहिती सर्वांत जास्त, तिला तिच्या विवेकाने ठरवू द्या. या पर्यायाची परीक्षा आधीच झाली आहे. 9 जानेवारी 2004 रोजी रॉयल डच शेलने जाहीर केलं की तिच्या सिद्ध साठ्यातली 3.9 अब्ज पिंपं, म्हणजे साठ्याचा पाचवा हिस्सा, सिद्ध नाहीत. शेअर त्या दिवशी सात टक्क्यांहून अधिक पडला. पुढच्या महिन्यांत आकडा वाढत साडेचार अब्जांच्या जवळ गेला. मार्चमध्ये अध्यक्ष फिल वॉट्स आणि उत्खननप्रमुख वॉल्टर व्हान डी व्हायव्हर यांना जावं लागलं. साठ्याबद्दल खोटं बोलून आपण कंटाळलो आहोत, असं व्हान डी व्हायव्हर यांनी आधीच्या नोव्हेंबरात वॉट्स यांना ईमेलवर कळवल्याचं बाहेर आलं. एसईसीने 12 कोटी डॉलर आणि ब्रिटिश नियामकाने 1.7 कोटी पौंड दंड केला. चौकशीत निघालेली एक गोष्ट सगळ्यात बोलकी आहे. जगभर पसरलेल्या या कंपनीच्या साठ्याची अंतर्गत तपासणी एकाच माणसाकडे होती: शेलचाच निवृत्त कर्मचारी, अर्धवेळ कामावर.

चुकीच्या पिंपांपैकी बरीच नायजेरिया आणि ओमानमधली होती, पण सर्वांत शिकण्याजोगी आहेत ती ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यापलीकडच्या गॉर्गन क्षेत्रातली. 1997 मध्ये शेलने तिथला 50 कोटी पिंपांहून अधिक तेलाच्या तोडीचा गॅस सिद्ध म्हणून चढवला. गॅस खरोखरच तिथं होता. भूगर्भशास्त्रज्ञांना त्याबद्दल शंका नव्हती. पण त्याला गिऱ्हाईक नव्हतं, विक्रीचा करार नव्हता आणि प्रकल्पात पैसा घालायचा निर्णयही झाला नव्हता. बाजारात तुरी, अशातला तो मामला. तो निर्णय सप्टेंबर 2009 मध्ये झाला आणि गॉर्गनच्या द्रवरूप गॅसचं पहिलं जहाज मार्च 2016 मध्ये निघालं, शेलने तो गॅस वहीत सिद्ध म्हणून लिहिल्यानंतर 19 वर्षांनी. नियमातल्या दहा टक्के वटावाने 19 वर्षांत 100 रुपयांचे 16 होतात.